एका येण्याले एक तुकडा

१

पूर्वी आमच्या घरातून कुणी प्रवासाला निघालं की पिशवीत आधी दशम्या जात. आता वायरी जातात.

हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी सायकल घेतली. भाजी आणायची नव्हे. गिअरची, लांब पल्ल्याची. मग तिच्यावर सामान चढत गेलं. वेग दाखवणारा एक लहानसा डबा, पुढच्या चाकात फिरता फिरता फोन चार्ज करणारा डायनामो, मागे लुकलुकणारा लाल दिवा, पावर बँका, आणि हँडलच्या मधोमध पारदर्शक झाकणाच्या थैलीत नवा टॅबलेट. त्यावर नकाशा चालायचा. सायकल मागच्या खोलीत राहते. तिथे भिंतीला त्यांनी प्लगांचा एक लांब बोर्ड ठोकून घेतला होता आणि संध्याकाळ झाली की सगळी यंत्रं तिथे रांगेनं चार्जिंगला लावत. माझं देवघर इकडे, तुमचं तिकडे, असं मी म्हणायची. त्यावर ते म्हणत, माझे देव निदान किती टक्के जागे आहेत ते दाखवतात.

मार्गशीर्षात थंडी पडली तशी त्यांनी मोठी फेरी काढली. बालाघाटहून घाट चढून उकवा, तिथून बैहर, मलाजखंड, आणि त्याच रस्त्यानं परत. सोबत कुणी नव्हतं. या वयात एकट्यानं काहून जाता, असं मी विचारलं तर हँडलकडे बोट दाखवून म्हणाले, "एकटा कुठं आहो? एवढी बिरादरी सोबत आहे."

आमची मुलगी मधुवंती भोपाळला असते. तिनं घरचा जुना टॅबलेट माझ्यासाठी लावून दिला. नकाशावर एका गोल चौकटीत ह्यांचा चेहरा, म्हणजे त्यांच्या हँडलवरचा टॅबलेट जिथे असेल तिथे तो चेहरा. खाली त्याची बॅटरी किती उरली तो आकडा. ते घराजवळ आले की हा आपणहून टुणकन वाजणार आणि 'बाबा घरी पोहोचले' असं लिहून येणार. मी तो देवघरात, समईजवळ पाटावर ठेवला. ते सुखरूप परत येईपर्यंत दिवा अखंड ठेवीन असं देवाला बोलले होते. दिवा काय आणि टॅबलेट काय, दोन्ही विझू द्यायचे नव्हते. एकाला तेल, एकाला वायर.

निघताना त्यांच्या तळहातावर दही-साखर घातली, कपाळाला कुंकू लावलं. टॅबलेटलाही लावणार होते, पण "स्क्रीनले नको," म्हणाले. म्हणून थैलीच्या खाली हँडलच्या नळीलाच लावलं. नळी थंड, गुळगुळीत. बोट जरा खाली घसरलं आणि कुंकवाला शेपूट आल्यासारखं झालं.

"येतो," ते म्हणाले.

"सावकाश या." आमच्याकडे निघालेल्याला जा म्हणत नाहीत.

२

पहिले दोन दिवस छान गेले. त्यांनी काढलेले फोटो आपोआप या टॅबलेटवर येऊन पडत. सालाच्या जंगलातला रस्ता, बैहरची चहाची टपरी, तांब्याच्या खाणीच्या लांबून दिसणाऱ्या पायऱ्या. गोल चौकटीतला चेहरा मुंगीसारखा सरकायचा. पोथी वाचता वाचता माझी नजर तिकडे जाई आणि लाज वाटे, कारण लक्ष्मीकडे कमी आणि तिकडेच जास्त लक्ष. पण देवीला संसारी बाईचं समजत असेल.

परत यायचा दिवस गुरुवार होता. घट मांडला, दारात रांगोळी घातली. उपास मला संध्याकाळी सोडायचा होता, तरी सकाळीच एक भाकर थापून ठेवली. भाकर का, तर तुकड्यासाठी. लांबून आलेल्याला आमच्याकडे तसंच घरात घेत नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभं करून त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून रस्त्यावर टाकायचं, त्याच्या डोळ्यांना पाणी लावायचं, मग आत. सासूबाईंनी मी नवी असतानाच शिकवलं होतं की ओवाळताना नजर ताटात ठेवायची. वाटेवरचं काय सोबत आलं असेल ते आधी उतरू द्यावं, मग तोंड पाहावं. आणि एका येण्याले एकच तुकडा, पुन्हा पुन्हा ओवाळायचा नाही. हे या रिवाजाला हसत. अर्धं ओवाळून होत नाही तोच उंबरा ओलांडून मोकळे होत, आणि मी पाणी घेऊन मागे मागे.

दुपारी मी पोथीच्या मध्यावर होते. टॅबलेट टुणकन वाजला. 'बाबा घरी पोहोचले.'

मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी. पण तेवढ्यात फाटकाशी घंटी वाजली. त्यांची घंटी, एक लांब आणि एक तुटकी. मी पोथीत फूल ठेवलं, ताट उचललं, पदर डोक्यावरून घेतला आणि नजर ताटात ठेवून दाराशी गेले.

समोर कुणी उभं होतं. पाहिलं नाही, पण उभ्या माणसापुढे आपण उभं असलो की कळतंच ना. मी तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं. यावेळी ते मधेच आत घुसले नाहीत. शेवटपर्यंत थांबले. मला बरं वाटलं. डोळ्यांना लावायला हात पुढे केला तोवर मात्र सायकल हातानं ढकलताना चाकातून येते ती कट-कट-कट माझ्या बाजूनं आत गेली. ऊन होतं, तरी गार वाटलं. ओल्या पानांचा आणि लोखंडाचा वास आला.

फाटकापर्यंत जाऊन मी तुकडा टाकला, पाणी ओतलं. "पाय धुवा, चहा टाकते," म्हणत आत आले. आधी यंत्रं चार्जिंगला लावत असतील म्हणून मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

३

चहाला उकळी आली तेव्हा फोन वाजला. त्यांचंच नाव. मागच्या खोलीतून हाक मारायची सोडून फोन करतात, म्हणून मी हसतच उचलला.

"मी उकव्यात आहो," ते म्हणाले. "भजे खाऊन राह्यलो. आता घाट उतरतो. संध्याकाळी घरी."

मागे बस सुटल्याचा आवाज, कंडक्टरची ओरड, कुणीतरी हिंदीत सुटे पैसे मागत होतं. मी चहाकडे पाहत राहिले. तो उतू गेला.

"टॅबलेट कुठं आहे तुमचा?"

"कुठं राहणार? समोर हँडलवर. काहून?"

"काही नाही," मी म्हणाले. ज्याला घाट उतरायचा आहे त्याच्या डोक्यात कशाला काही घालायचं? तुकड्याचं तर बिलकुल बोलले नाही. चिडवलं असतं त्यांनी. फोन ठेवताना म्हणाले, आवाज असा काहून येऊन राह्यला तुझा, उपासाचा चहा तरी घे.

मागची खोली उघडली. रिकामी. सायकलच्या जागी भिंतीवर टायर टेकून टेकून पडलेला काळा डाग तेवढा. बोर्डावरच्या बटणांपैकी एकाचा लाल दिवा लागलेला होता. त्यात काहीच खोचलेलं नव्हतं. मीच झाडताना दाबलं असेल, असं म्हणून बंद केलं.

मग दाराशी आले. रांगोळीतल्या कमळावरून एक बारीक, सरळ रेघ गेली होती. टायरची. उंबऱ्याच्या आतल्या फरशीवरही पांढरी भुकटी उतरलेली, मागच्या खोलीच्या दिशेनं, हळूहळू फिकट होत गेलेली. बाहेर जाणारी रेघ नव्हती.

कुणाचं पोरगं सायकल घेऊन अंगणात शिरलं असेल. दुधवाला असेल. नजर ताटात असली की माणसाला काय कळतं? मी स्वतःला असं सांगत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या गोदाबाईनं हाक दिली.

"मीनाक्षीबाई, आले वाट्टे साहेब? घंटी आईकली मी."

"दिसले का तुम्हाला?"

"नाई वो, वड्या उचलून राह्यलती. घंटीच आईकली बस." मग हसून म्हणाली, "एवढे डबे लावले थ्या सायकलले, एखाद्या दिवशी उडूनच जाईन पाहा."

मीही हसले. म्हणजे घंटी माझ्या एकटीच्या कानातली नव्हती.

४

देवघरात येऊन पाहिलं तर गोल चौकटीतला चेहरा आमच्याच घरावर होता. उकव्यात कुणी नव्हतं. खाली बॅटरीचा आकडा पाहिला आणि जरा वेळानं पुन्हा पाहिला. तो वाढला होता.

मधुवंतीला फोन केला. तिला फक्त चेहऱ्याचं सांगितलं. ती ऑफिसात होती, पण बोलली नीट, माझी लेक तशी समजूतदार आहे. जंगलात रेंज गेली की हे असं करतं म्हणाली, घरचा पत्ताच दाखवत बसतं. "आणि तुला खातरी करायची असेल ना आई, तर त्या चेहऱ्यावर दाब. खाली 'आवाज वाजवा' असं येईल. बाबांचा टॅबलेट जिथे असेल तिथे मोठ्यानं वाजेल. बाबा रस्त्यात दचकतील एवढंच."

तिचं ऐकून जीव भांड्यात पडला. किती सोपं होतं. मी चेहऱ्यावर दाबलं, मग त्या बटणावर.

मागच्या खोलीत वाजलं.

मोठ्यानं नाही. कुणी गोधडीत गुंडाळून ठेवावं तसं दबकं, पण एका लयीत, थांबत थांबत. फोन कानाला तसाच होता. मधुवंतीनं विचारलं, "वाजलं का ग?"

"हौ," मी म्हणाले.

"मग आले ना बाबा. बघ, उगीच घाबरत होतीस." आणि तिला कुणीतरी बोलावलं, तिनं फोन ठेवला.

मी बटण पुन्हा दाबून ते बंद केलं. आवाज थांबला. समईची वात स्थिर होती. मला आठवतं, त्याचा मला फार आधार वाटला. मी देवीला हात जोडले आणि ह्यांना फोन लावला. तुमचा टॅबलेट आत्ता वाजला का, एवढंच विचारलं.

"नाई वाजला," ते म्हणाले. वारा कानावर आपटत होता, ते चालत असावेत, धाप लागलेली. "मेला थो. सगळंच मेलं. डायनामो काही देऊन नाही राह्यला, दोन्ही पावर बँका खाली. सकाळी फुल होते." मग म्हणाले, "माह्यंही तसंच झालं वाट्टे. पायात जीव नाही. एवढा उतार आहे तरी सायकल पुढं नाही जाऊन राह्यली. कोणी मागून धरल्यावानी."

"थांबा तिथंच. बस पकडा."

"पकडतो. फोन पण आता..."

तो गेलाच. मी पुन्हा पुन्हा लावला. इकडे टॅबलेटवर त्यांच्या चेहऱ्याखालचा आकडा भरत भरत काठाला आला होता.

५

मागच्या खोलीचं दार मी लोटून घेतलं होतं. आत काही हलत नव्हतं. फक्त दाराच्या खालच्या फटीत मंद लाल उजेड होता, बोर्डाचा. मी बंद केलेला.

शहाणी बाई घर सोडून गोदाबाईकडे जाऊन बसली असती. मी गेले नाही. माझा दिवा लागलेला होता, घट मांडलेला होता. आणि खरं सांगते, ते जे काय होतं त्याचा मला राग येत नव्हता. मी स्वतः त्याला ओवाळून घरात घेतलं होतं. ते शेवटपर्यंत थांबलं होतं. चुकून दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्याला जसं समजावून परत लावून देतात तसं करावं, असं मनात आलं. ते गेलं की तिकडे घाटात ह्यांच्या पायात जीव येईल, अशी मला आशा होती. आशाच म्हणायची, त्याला आधार काहीच नव्हता.

वाटीत दही-साखर कालवली. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली, ते दार आणि बाहेरचं दार उघडं केलं आणि बाजूला भिंतीला लागून उभी राहिले. नजर खाली.

बराच वेळ काही नाही. रस्त्यावरून तांदळाच्या पोत्यांचा ट्रक गेला, भांडी किणकिणली. मग आत, कोपऱ्यात, एक कट. मग कट-कट. सावकाश माझ्याकडे येत गेली. वाटीपाशी थांबली. मला वाटीच दिसत होती. दह्यावर एक लाल ठिपका उमटला, समोर कुठेतरी लाल दिवा लुकलुकावा तसा, विझला, पुन्हा उमटला. त्याच्या मागे टायरचा काळा कड, आणि त्याच्याही मागे, जमिनीवर, बूट असायला हवे होते.

मी डोळे मिटले. कट-कट माझ्यासमोरून बाहेरच्या दाराकडे गेली, उंबरा ओलांडल्याचा दोनदा धक्का बसला, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, माझ्या तोंडून निघालं, "सावकाश या."

रांगोळीवर आता दुसरी रेघ होती. बाहेर जाणारी. मी तिच्यापाशी खाली बसले आणि रडले. सुटल्यासारखं वाटलं.

मग देवघरात आले. टॅबलेटवर चेहरा चालू लागला होता. आमची गल्ली, मोठा रस्ता, मग शहराबाहेर. मला आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की तो बैहर रोड आहे. हे ज्या रस्त्यानं उतरत होते तोच. त्यांचा फोन लागत नव्हता. चेहरा घाट चढत गेला, माणूस सायकलवर घाट चढतो त्याहून फार वेगानं, आणि जंगलात एका वळणावर थांबला.

६

दिवेलागणीला फाटक वाजलं. घंटी नाही.

ताट तयारच होतं. भाकरीचा दुसरा तुकडा तोडताना सासूबाई आठवल्या, पण दुपारी माझ्या दारी आला तो माझा माणूस नव्हता, मग त्याचं ओवाळणं कसं धरायचं? पदर घेतला, नजर ताटात ठेवली, दारात गेले. समोर त्यांचे बूट होते. जंगलातून तीन दिवस फिरून आलेले ते बूट स्वच्छ होते. मी ताट वर उचललं.

"पुन्हा काहून?" ते म्हणाले. "दुपारी ओवाळलं ना तू."

आवाज त्यांचा होता. दमलेला, प्रेमळ. मी मान वर केली. चेहराही त्यांचाच, हनुवटीवरची जखमेची खूण, चष्म्याचा वळ. दुपारच्या ओवाळण्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मधुवंतीला नाही, गोदाबाईला नाही, ह्यांना तर नाहीच.

ते माझ्या बाजूनं आत गेले. सायकल ढकलत, कट-कट-कट. ओल्या पानांचा वास आला.

मी तुकडा ताटात तसाच घेऊन उभी होते. त्यांनी मागच्या खोलीत सायकल टेकवल्याचा आवाज झाला. मग नळ सुटला. पाय धुतले जात होते.

७

तुम्ही म्हणाल, गोदाबाईनं सांगितलं असेल. मीही तेच म्हणते. तिनं घंटी ऐकली होती, फाटकाबाहेर तुकडा पडलेला पाहिला असेल, ते येताना गेटवर भेटली असेल. मी तिला विचारलेलं नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

टॅबलेट घाटात पडला, असं ते सांगतात. हँडलवर थैली नाही, खरं आहे. हँडलच्या नळीवर कुंकूही नाही. दवानं, घामानं पुसलं गेलं असेल. कुंकू असतं किती.

मधुवंती खूश आहे. बाबा आता रोज फोनवर नीट बोलतात म्हणते, मधेच चेष्टा करून विषय उडवत नाहीत. ते माझ्या पोथीला येऊन बसतात. नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेत नाहीत. सायकलला हात लावत नाहीत, फोन, पावर बँक, काही चार्ज करत नाहीत. "आता कशाले पाहिजे?" म्हणतात. संध्याकाळी मात्र मागच्या खोलीत त्या बोर्डाला पाठ लावून बसतात, आणि उठतात तेव्हा ताजेतवाने दिसतात. नवरा असा वागावा म्हणून बायका व्रतं करतात. मीही केली आहेत.

जुना टॅबलेट मी समईजवळच ठेवला आहे. गोल चौकटीतला चेहरा घाटातल्या त्या वळणावर होता. मधुवंतीचं म्हणणं, शेवटचं जिथे दिसलं तेच दाखवत राहतं, बॅटरी केव्हाच संपली असणार, मी काढून टाकू का? राहू दे म्हटलं. कारण आकडा अगदी थोडा, पण होता. आणि चेहरा सरकत होता. दिवसभर पाहिलं तर कळत नसे. सकाळी पाहून संध्याकाळी पाहिलं की कळे. घाट उतरत होता, पायात जीव नसलेल्या माणसासारखा.

म्हणून मी दिवा विझू दिला नाही. हे परत आलेत, नवस फिटला, तेल काहून जाळता, असं गोदाबाई म्हणाली. मी तिला म्हटलं, असू द्या, सवय झाली. रोज एक भाकर जास्तीची थापते, तुकडा तोडून ताटात झाकून ठेवते आणि संध्याकाळी गाईला घालते.

आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दुपारी ते जेवायला बसले होते, मी वाढत होते. देवघरात टुणकन वाजलं.

मी वाटी खाली ठेवून तिकडे गेले. आकड्याच्या जागी काहीच उरलं नव्हतं, चौकट लाल झाली होती, आणि चेहरा आमच्या घरावर होता. 'बाबा घरी पोहोचले.' वाचते न वाचते तोच पडदा काळा झाला.

फाटकाशी घंटी वाजली. फार हळू, अंगठ्यात जोर नसल्यासारखी. एक लांब आणि एक तुटकी.

मी झाकलेलं ताट उचललं. जेवणाच्या पाटावरून ते म्हणाले, मान वर न करता, अगदी मऊ आवाजात, "बस खाली, मीनाक्षी. एका येण्याले एकच तुकडा."

"मग तो त्यांचा अजून बाकी आहे," मी म्हणाले.

मागे जेवणाच्या ताटावर हात थांबला. मी दाराशी गेले. कडी काढली. पदर डोक्यावरून घेतला, पण सासूबाईंची मनात क्षमा मागितली आणि या वेळी नजर ताटात ठेवली नाही.

उन्हात आधी काही दिसलं नाही. मग पुढचं चाक, चिखलानं भरलेलं. हँडलवर थैली, आत काळा पडलेला टॅबलेट. आणि थैलीच्या खाली, नळीवर, मी लावलेलं कुंकू. बोट जरा खाली घसरलेलं.

माझ्या पाठीमागे घरात पाट सरकला. मागच्या खोलीतून कट-कट सुरू झाली. मी वळून पाहिलं नाही. तुकडा उचलला आणि ओवाळायला लागले.